बीपीची गोळी आणि कॅल्शियमची भीती

आमच्या वस्तीतील एक आजी चार घरची धुणीभांडी करून संसार ओढतात. बीपीसाठी त्या रोज ॲम्लोडिपिनची एक गोळी घेत. नातवाने कुठेतरी वाचून सांगितले, "आजी, ही गोळी कॅल्शियम अडवते." आजींना वाटले, आधीच गुडघे दुखतात, आता हाडेही ठिसूळ होणार! कुणाला न सांगता त्यांनी गोळी सोडली. महिन्याभराने डोके गरगरू लागले म्हणून आम्ही त्यांना दवाखान्यात नेले, तर वरचा बीपी 190! डॉक्टर म्हणाले, "वेळेवर आणलेत. लकवा मारायला वेळ लागत नाही."

म्हणून आज या गोळीविषयीच बोलू.

आपल्या रक्तवाहिन्यांच्या भिंतीत स्नायू असतात. त्यांच्या पेशींत कॅल्शियम शिरले की ते आवळतात, नळी अरुंद होते आणि रक्ताचा दाब वाढतो. ही गोळी पेशीच्या दारातून आत जाणारे कॅल्शियम कमी करते. नळी सैल पडते, दाब उतरतो. जर्मनीतील शास्त्रज्ञ आल्ब्रेख्ट फ्लेकेनस्टाइन यांनी 1960 च्या दशकात या औषधांचे हे काम दाखवून दिले. हाडांतले कॅल्शियम ही गोळी काढून घेत नाही. दूध, नाचणी खुशाल खावी.

चालताना छातीत दुखणाऱ्या हृदयरोग्यांनाही ही औषधे देतात. याच कुळातील व्हेरापामिल आणि डिल्टियाझेम हृदयाचे वाढलेले ठोके कमी करतात. ॲटेनोलॉलसारख्या गोळीबरोबर ती घेतली तर ठोके फारच मंदावू शकतात. म्हणून शेजाऱ्याची गोळी आपण घेऊ नये. पूर्वी बीपी वाढला की निफेडिपिनची कॅप्सूल फोडून जिभेखाली देत. त्याने दाब एकदम कोसळून धोका होतो, म्हणून ती पद्धत मागे पडली.

या गोळीने काहींचे घोटे सुजतात, डोके दुखते, चेहरा गरम होतो. व्हेरापामिलने पोट साफ होत नाही. असे झाल्यास गोळी फेकू नका, डॉक्टरांना सांगा. ते मात्रा कमी करतील किंवा औषध बदलतील.

बरे वाटते म्हणून गोळी बंद करू नका; ती घेतो म्हणूनच बरे वाटते. ॲम्लोडिपिन महाग नाही. सरकारी दवाखान्यात विचारा, जनऔषधी दुकानात स्वस्त मिळते. आजींनी गोळी पुन्हा सुरू केली आहे. आता नातूच रोज सकाळी विचारतो, "आजी, गोळी घेतलीस का?"

तुमच्या घरीही कुणीतरी हे विचारायला हवे.