फिल्टरचे झाकण आपणच उघडू



ट्रॅक्टरचा एअर फिल्टर बदलायला मिस्त्री लागत नाही. जीपचा, पिकअपचा, मोटारीचाही लागत नाही. इतक्या साध्या गोष्टीवर लेख लिहावा लागतो याचेच नवल वाटावे. पण जिल्ह्यात फिरताना गावोगाव जे दिसते, त्यामुळे लिहिणे भाग आहे. बोंड फोडून अळीची अवस्था सांगणारा, पऱ्हाटीच्या पानाचा रंग पाहून जमिनीत काय कमी आहे ते ओळखणारा कास्तकार, इंजिनाच्या बाजूचे तीन-चार क्लिपांचे झाकण उघडायची वेळ आली की म्हणतो, 'ते मिस्त्रीचे काम आहे.' मिस्त्री तालुक्याला. तो मोकळा होईल तेव्हा येईल. मळणी काही थांबत नाही, म्हणून ट्रॅक्टर तसाच चालतो.

तसाच चालतो म्हणजे काय होते, याचा हिशेब मांडू. एक लिटर डिझेल जाळायला कमीत कमी दहा हजार लिटर हवा लागते. अडीच लिटरचे तीन सिलिंडरचे इंजिन मिनिटाला दोन हजार फेऱ्यांनी चालले, तर तासाला सव्वाशे घनमीटरच्या आसपास हवा ओढते. दहा बाय बाराची, दहा फूट उंचीची खोली घ्या. अशा साडेतीन-चार खोल्यांतली सगळी हवा दर तासाला इंजिनाच्या पोटात जाते. आणि हवा कुठली? थ्रेशरला जोडलेला ट्रॅक्टर तासन् तास भुशाच्या ढगात उभा असतो. मे महिन्यात कोरड्या काळ्या रानात रोटाव्हेटर फिरतो तेव्हा मागचा माणूस दिसत नाही. पऱ्हाटीचा चुरा करताना तंतू उडतात आणि एअर क्लीनरच्या तोंडावर गोधडीसारखे बसतात. वणीकडच्या कोळशाच्या वाहतुकीच्या रस्त्यांबद्दल तर तिकडच्या भावांना आम्ही काय सांगावे!

काळ्या मातीची धूळ बारीक आणि मऊ असते. ती मुख्यतः फिल्टर चोंदवते. घातक असते ती सिलिका, म्हणजे वाळूचा आणि रस्त्याचा चुरा. ज्वारीच्या भुशातही ती असते. ज्वारीचे पान अंगाला कापते ना, त्याला ती धार सिलिकाचीच. आता ज्वारीची जागा बरीचशी सोयाबीनने घेतली, पण जिथे ज्वारी आहे तिथे मळणीला हा त्रास आहेच. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो. इंजिनाला खाणारे कण पाच ते वीस मायक्रॉनचे, डोळ्यांना न दिसणारे. रिंग आणि लायनर यांच्यामध्ये तेलाचा जो पातळ पापुद्रा असतो त्यात ते शिरतात आणि कानशीसारखे घासतात, कारण सिलिका लायनरच्या बिडापेक्षा कठीण आहे. मग इंजिन तेल खाऊ लागते, निळसर धूर मारते, सकाळी लवकर चालू होत नाही. अखेर एक दिवस 'इंजिनाचे काम काढावे लागेल' असे ऐकायला मिळते.

हे काम ठिकाणानुसार कमी-जास्त पडते, तरी लायनर, पिस्टन, रिंगा आणि मजुरी धरली तर चाळीस हजारांत सुटला तो नशीबवान. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. तोही पदरात पडला असे धरले तरी पाच क्विंटल कापूस. आमच्या कोरडवाहू रानात एका एकराचे अख्खे पीक म्हणा ना. ज्या वस्तूने हे वाचते तिची किंमत काही शे रुपयांपासून हजार-दीड हजारांपर्यंत.

इथे एक उलटी गोष्ट सांगतो, कारण ती फारशी कोणी सांगत नाही. चोंदलेला फिल्टर इंजिनाचा शत्रू आहे, पण तो निदान ओरडून सांगतो. काळा धूर येतो, ओढ कमी होते, डिझेल जास्त जाते. फाटलेला किंवा नीट न बसलेला फिल्टर मात्र काहीच सांगत नाही. हवा मोकळी मिळते, ट्रॅक्टर मस्त ओढतो आणि आतून घासत राहतो. कागदी फिल्टरवर धुळीचा पातळ थर बसला की तो कोऱ्या फिल्टरपेक्षाही बारीक गाळतो. म्हणून रोज उठून फिल्टर काढायचा, टायरवर आपटायचा आणि पंपावर जाऊन जोराची हवा मारायची, ही काळजी नव्हे. आपटल्याने त्याची पत्र्याची कड वाकते, मग रबर नीट टेकत नाही. जोराच्या हवेने कागद फाटतो. जिथे फिल्टर चोंदल्याची खूण दाखवणारा दिवा किंवा काटा आहे, तिथे त्याचे ऐका. नसेल तर पुस्तिकेत दिलेले तास पाळा, आणि थ्रेशरच्या हंगामात ते तास निम्म्यावर आणा.

काम असे. इंजिन बंद आणि थंड असू द्या. झाकणावरची धूळ आधी पुसा, नाही तर उघडताना तीच आत पडायची. बाहेरचा मोठा फिल्टर अलगद फिरवत काढा. पुष्कळ ट्रॅक्टरांत त्याच्या आत दुसरा लहान फिल्टर असतो. तो बाहेरचा फाटला तर इंजिन वाचावे म्हणून दिलेला राखणदार आहे. त्याला धुवायचे नाही, हवा मारायची नाही, उगाच काढायचाही नाही. वेळ झाली की सरळ बदलायचा. बाहेरच्याला हवा मारायचीच असेल तर ती आतून बाहेर, तीस पौंडांपेक्षा कमी दाबाने. मग अंधारात फिल्टरच्या पोटात बल्ब धरा. सुईच्या टोकाएवढा जरी उजेडाचा ठिपका दिसला तरी तो फिल्टर टाकून द्या. डिझेलने किंवा पेट्रोलने कागद धुऊ नका. डबा आतून ओल्या फडक्याने पुसा, खालचा रबरी झडपेचा ओठ चिमटून साचलेली धूळ पाडा, नवा फिल्टर बसवा. पाऊण तास पुरतो, तोही पहिल्यांदा.

जुन्या ट्रॅक्टरवाल्यांकडे कागद नाही, तेलाचा एअर क्लीनर आहे. आम्हाला तो मनापासून आवडतो. त्यात बाजारातून आणायचे फक्त तेल. खालची वाटी सोडा, चिखल झालेले तेल फेका, वाटी आणि जाळी डिझेलने धुऊन निथळू द्या, खुणेपर्यंत नवे तेल घाला. इंजिनातून काढलेले काळे तेल इथे घालण्याची काटकसर करू नका. आणि खुणेच्या वर तर मुळीच भरू नका. जादा तेल इंजिन ओढून घेते, डिझेलसारखे जाळते आणि बेफाम पळू शकते. मध्य प्रदेशातल्या बुधनीच्या केंद्रीय संस्थेत ट्रॅक्टरची परीक्षा होते, तेव्हा एअर क्लीनरमधले तेल इंजिनात ओढले जाते का, याची वेगळी चाचणी घेतात. इतकी ती गोष्ट गंभीर आहे.

फिल्टर कोणताही असो, त्याच्यापासून इंजिनापर्यंतची रबरी नळी आणि तिचे पट्टे तपासल्याशिवाय काम पुरे झाले म्हणू नका. चिरलेली नळी म्हणजे कुंपणाला पडलेले खिंडार. टर्बो नसलेल्या जुन्या इंजिनावर याची सोपी परीक्षा आहे. इंजिन मंद चालू ठेवून हवेच्या तोंडावर सपाट फळी दाबून धरा, हात लावू नका. इंजिन गुदमरून बंद पडले तर ठीक. चालूच राहिले तर कुठून तरी चोरहवा जात आहे.

मोटारीचे काम याहून हलके. बॉनेट उचला, काळ्या प्लास्टिकच्या डब्याच्या क्लिपा सोडा, जुना चौकोनी फिल्टर ज्या बाजूने होता त्याच बाजूने नवा ठेवा. मात्र 'फिल्टर बदला, अ‍ॅव्हरेज वाढेल' असे कोणी सांगितले तर नव्या पेट्रोल गाड्यांबाबत त्यावर जाऊ नका. अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेने २००९ साली तपासले तेव्हा अशा गाड्यांत चोंदलेल्या फिल्टरने पेट्रोल फारसे जास्त लागले नाही, पळ कमी झाला. बदलायचा तो इंजिनासाठी.

मग एवढे सोपे काम आपण करत का नाही? आम्ही कृषीची पदवी घेतली. इंजिनाचे चार टप्पे फळ्यावर शिकलो, परीक्षेत आकृती काढली, पण हात काळे करायची वेळ क्वचितच आली. शिकलेल्यांची ही गत, तर ज्यांना यंत्राबरोबर नुसती किल्ली दिली त्यांना दोष कसा द्यावा? यंत्र आपले, हप्ते आपण भरायचे, पण झाकणाच्या आतला मुलूख परक्याचा, ही समजूत आपल्या अंगवळणी पडली आहे. चांगल्या मिस्त्रीशी आमचे भांडण नाही. त्याने पंप आणि गिअरबॉक्स बघावा, फिल्टरसाठी त्याची वाट पाहू नये, इतकेच.

अमेरिकेत शेतकरी दुरुस्तीच्या हक्कासाठी लढत आहेत. कोलोराडो राज्याने २०२३ मध्ये शेतीयंत्रांसाठी तसा कायदा केला. जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या केंद्रीय व्यापार आयोगाने जॉन डिअर कंपनीवर याच प्रश्नावरून खटला भरला. आपल्या केंद्र सरकारने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्यात शेतीयंत्रेही घेतली, आणि डिसेंबर २०२२ मध्ये एक पोर्टल काढले. पोर्टल म्हणजे कायदा नव्हे. प्रत्येक यंत्राबरोबर चित्रांसह मराठी पुस्तिका मिळाली पाहिजे आणि सुट्या भागांचे क्रमांक व किमती दुकानात लावलेल्या असल्या पाहिजेत, ही मागणी आपण लावून धरू. पण तिकडच्या शेतकऱ्याला संगणकाचे कुलूप तोडायचे आहे. आपल्या फिल्टरच्या झाकणाला कुलूपच नाही.

वॉरंटीतल्या ट्रॅक्टरला मूळ कंपनीचाच फिल्टर घ्या, पक्के बिल मागा आणि मीटरवरचे तास त्यावर लिहून ठेवा. नकली माल कड दाबली की ओळखू येतो. त्याचे रबर टणक असते आणि घड्या विरळ असतात.

पुढच्या बैठकीला जे ट्रॅक्टरने येतील त्यांनी आपला जुना फिल्टर काढून सोबत आणावा. बल्ब आणि वायर आम्ही आणू.