कण्या, मामालिगा आणि पाहुणचार

पावसाळ्यात सहकुटुंब परगावी जाऊ नये, असे आमच्याकडे म्हणतात. माझे मत नेमके उलटे आहे. दिवाळीच्या सुट्टीत आपण गाव पाहतो. पावसाळ्यात बाहेर पडता येत नाही म्हणून घर पाहतो, आणि घर म्हणजे शेवटी स्वयंपाकघर. प्रेक्षणीय स्थळांची यादी भिजून गेली की माणसे ताटाकडे वळतात. मग ताटावरून वाद होतात. अशाच एका वादाविषयी मला लिहायचे आहे, कारण तो आमच्या घरापुरता नाही असे मला वाटते.

गेल्या ऑगस्टमध्ये आम्ही मिरजेहून गोवा एक्सप्रेसने भोपाळला आत्याकडे गेलो. आई, बाबा, आजी, धाकटा भाऊ आणि मी. आत्या नेहरू नगरात राहते. तिथून भदभद्याचे धरण जवळ, आणि भोज राजाच्या नावाने ओळखला जाणारा बडा तालाबही फार लांब नाही. पाच दिवसांतले चार दिवस पाऊस कोसळत होता. सांची रद्द झाले, भीमबेटका रद्द झाले. एका संध्याकाळी भदभद्याचे दरवाजे उघडल्याची बातमी आली, तेव्हा अर्धे शहर छत्र्या घेऊन पाणी पाहायला लोटले आणि त्यात आम्हीही होतो. तलाव भरण्याची पातळी १६६६.८० फूट. भोपाळकर हा आकडा दशांश चिन्हासकट, क्रिकेटच्या धावसंख्येसारखा तोंडपाठ सांगतात.

पावसात पाहता येण्यासारखी एक उत्तम जागा म्हणजे श्यामला टेकडीवरचे जनजातीय संग्रहालय. ते २०१३ साली सुरू झाले. गोंड, बैगा, कोरकू, भिल्ल, भारिया, सहरिया आणि कोल या सात जमातींचे जीवन तिथे असे मांडले आहे की आपण वस्तू पाहत नाही, त्यांच्यामधून चालतो. आम्ही दोन तास फिरलो. आई म्हणाली, “किती सुंदर!” बाबांनी फोटो काढले. आणि घरी येऊन आम्ही पनीर आणि पुलाव खाल्ला. भिल्लांच्या झाबुआ-अलिराजपुरात मका हे रोजचे अन्न आहे. आत्याच्या डब्यातही मक्याचा जाडा रवा होता, पण पाहुण्यांपुढे तो ठेवायचा विचार तिच्या मनाला शिवला नाही. परंपरा भिंतीवर असली की आपण कौतुक करतो. ताटात आली की संकोचतो. आत्याला दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. आमच्या घरीही पाहुणे आले की भाकरीचा तवा खाली उतरतो.

तो रवा डब्यातून बाहेर काढला दादाने. दादा म्हणजे माझा आतेभाऊ. तो तीन वर्षांपासून रुमानियात, क्लुज नावाच्या शहरात नोकरीला आहे आणि तेव्हा सुट्टीवर आला होता. पावसाला आणि पत्त्यांना कंटाळून तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, “आज मी तुम्हाला तिकडचे पारंपरिक जेवण घालतो.”

दादाचा बेत साधा होता. पाण्याला मीठ घालून उकळी आणायची, त्यात मक्याचा रवा वैरायचा आणि हात भरून येईपर्यंत घोटायचे. घट्ट झाले की लाकडी पाटावर पालथे करायचे आणि सुरीने न कापता ताणलेल्या दोऱ्याने कापायचे. हीच मामालिगा. तिच्यावर तिकडे खारट चीज आणि आंबट साय घेतात. दादाने चुरलेले पनीर मीठ लावून घेतले आणि सायीऐवजी चक्का. सोबत चोर्बा होता. चोर्बा म्हणजे भाज्यांचे आंबट सूप. त्याला आंबटपणा आणायला रुमानियात गव्हाचा कोंडा आंबवून त्याचे पाणी घालतात. आपल्या आंबिलीची ही लांबची बहीण म्हणायला हरकत नाही. दादाने लिंबावर भागवले. चोर्बा हा शब्द तुर्कीतून तिकडे गेला, आणि त्याचे मूळ फार्सी शोरबा. म्हणजे भोपाळच्या जुन्या शहरात नवाबी घरांत जो शोरबा शिजला, त्याचाच शब्द कार्पेथियन डोंगरापलीकडे जाऊन आंबट झाला! कोबीच्या आंबवलेल्या पानांत सारण गुंडाळलेले सारमाले मात्र दादाला करता आले नाहीत, कारण पाने आंबायला काही आठवडे लागतात आणि आमचे परतीचे तिकीट रविवारचे होते.

शाकाहारी माणसाचे तिकडे कसे चालते, असे आईने विचारले. दादा म्हणाला, “उपवासाचे द्या म्हणायचे.” तिथल्या ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोकांत बुधवारी, शुक्रवारी आणि ईस्टरच्या आधी कित्येक आठवडे मांस, अंडी, दूध वर्ज्य असते. त्यामुळे हॉटेलात उपवासाचे पदार्थ वेगळे मिळतात, सारमालेसुद्धा भात आणि अळिंबीचे. एकादशी दुप्पट खाशी हे तिथेही कळते म्हणायचे.

आजीने पाटावरचा तो पिवळा गोळा पाहिला आणि म्हणाली, “ह्या तर कण्या हायत.” मग ताट बाजूला सारले. “तुमास्नी गंमत वाटतीया, पोरा. आमी दिस काढल्यात ह्याच्यावर.”

आजी जत तालुक्यातली. १९७२ च्या दुष्काळात ती विशीत होती आणि खडी फोडायच्या कामावर जात होती. कामावर सुकडी मिळे. रेशनवर अमेरिकेहून आलेला लाल मिलो मिळे, त्याची भाकरी थापताना तुटे. घरात उरलेसुरले धान्य भरडून कण्या शिजत. ती हे रडून सांगत नव्हती, हिशेब सांगावा तसे सांगत होती. तिच्या लेखी पांढरा भात आणि गव्हाची पोळी म्हणजे त्या दिवसांवर मिळवलेला विजय, आणि नातू परदेशातून येऊन तिच्यापुढे पुन्हा कण्याच वाढत होता.

दादाने वाद घातला नाही. त्याने आपल्या घरमालकिणीचे सांगितले. ती बाई मामालिगा कितीही चवीने करो, टेबलावर पाव ठेवतेच ठेवते. पाव नसेल तर तिला जेवण झाल्यासारखे वाटत नाही.

त्यामागचा इतिहास मी नंतर वाचला. मका मुळात अमेरिकेतला. कोलंबसानंतर तो जगभर गेला आणि सतराव्या शतकात रुमानियात रुजला. त्यापूर्वी तिथला शेतकरी राळ्या-वरीसारख्या बारीक धान्याची पेज शिजवी. एकोणिसाव्या शतकात रुमानिया गहू निर्यात करणारा मोठा देश झाला, पण तो गहू पिकवणारा माणूस मका खात राहिला. नुसत्या मक्यावर जगणाऱ्यांना पेलाग्रा होतो: कातडी सोलवटते, जुलाब लागतात, शेवटी भ्रम होतो. मक्यातले नायसिन शरीराला मिळत नाही, हे त्याचे कारण. मेक्सिकोतल्या बायका मका चुन्याच्या पाण्यात शिजवतात, त्यामुळे ते मोकळे होते. धान्य जगभर गेले, ही युक्ती मागेच राहिली. रुमानियाच्या खेड्यांत पेलाग्रा बोकाळला होता आणि १९०७ साली तिथे शेतकऱ्यांचे मोठे बंड झाले. पुढे १९८० च्या दशकात चाउशेस्कूच्या राजवटीत परदेशी कर्ज फेडण्यासाठी अन्न बाहेर धाडले गेले आणि लोक पावासाठी रांगा लावू लागले. “मामालिगेचा स्फोट होत नाही” अशी तिकडे एक म्हण आहे, म्हणजे हे लोक सगळे निमूट सोसतात. डिसेंबर १९८९ मध्ये ती खोटी ठरली.

आपणही यात फार मागे नाही. आपल्या दख्खनमध्ये ज्वारीवरच जगणाऱ्या गरिबांतही पेलाग्रा आढळे; हैदराबादच्या डॉ. गोपालन आणि डॉ. श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये त्याचा संबंध ज्वारीतल्या ल्यूसिनशी जोडला. आणि २०२३ हे वर्ष भारताच्याच प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचे वर्ष म्हणून साजरे केले. ज्वारी, बाजरी, नाचणी एकदम प्रतिष्ठित झाल्या. भाकरीला हॉटेलात वेगळा दर लागला. मला याचा आनंद आहे. कोरडवाहू रानात तग धरणारे पीक लोकांनी पुन्हा खाल्ले तर जतच्या शेतकऱ्याचे भलेच होईल. पण “आपले पूर्वज किती आरोग्यदायी खात होते” असे जेव्हा व्यासपीठावरून ऐकू येते, तेव्हा मला आजीचे बाजूला सारलेले ताट दिसते. पूर्वज निवडून खात नव्हते. भाकरीबरोबर डाळ, भाजी, ताक मिळाले तर ते अन्न होते. एकटी भाकरी किंवा एकटा मका हा आजार होता. पदार्थ तोच, त्याच्या शेजारी काय आहे यावर सगळे अवलंबून.

म्हणून माझे म्हणणे असे की पारंपरिक अन्नाची लाज धरणे जितके चूक, तितकेच त्याला इतिहासातून धुऊनपुसून काढणे चूक. परगावी गेल्यावर तिथले साधे अन्न मागून खावे, यजमानाला संकोच वाटला तरी मागावे. पण ते कोणी, कधी आणि का खाल्ले हेही त्याच पंगतीत विचारावे. विचारले की माणसे सांगतात. आजीने आम्हाला १९७२ विषयी इतके कधीच सांगितले नव्हते. एवढे सांगून झाल्यावर तिने दोरा हातात घेतला, एक लहान तुकडा कापला आणि लसणाची चटणी व तेल मागवून खाल्ला. चक्क्याला तिने हात लावला नाही.

आता आपल्या कॉलेजविषयी. दरवर्षी पारंपरिक दिवसाला आपण नऊवारी, इरकल, धोतरे नेसून मिरवतो आणि खाद्यपदार्थांच्या गाळ्यांवर गोबी मंचुरियनला रांग लावतो. मित्रहो, या वर्षी एक गाळा कण्या, आंबील आणि जोळद रोट्टीचा असावा असे मी सुचवते. कन्नड विभागातल्या मैत्रिणींनी यात पुढाकार घ्यावा. त्यांच्या भाषेत मका हा मेक्केजोळ, म्हणजे ज्वारीच्याच घरातला. प्रत्येक पदार्थाशेजारी तो कोणत्या घरात, कोणत्या दुष्काळात शिजत होता हे घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून लिहून लावावे. मक्याचा रवा आणि दोरा मी आणीन. कण्या शिकवायला आजी तयार आहे. तिच्या दोन अटी आहेत: फोडणीला तेल सढळ हवे, आणि ताटलीचे पैसे किती लावणार ते तिला आधी सांगायचे.