चिटबॉय का टिकत नाही?



"हल्लीच्या पोरांना कारखान्याची आपुलकी राहिली नाही," असे वडवणी गटात फिरताना आमच्या शेतकी खात्याला वारंवार ऐकावे लागते. गट ऑफिसला लागलेला मुलगा एक-दोन हंगाम काढतो आणि पुण्याकडे, चाकणच्या कंपनीत निघून जातो, हे खरे आहे. पण सगळा दोष पोरांच्या माथी मारणे आम्हांस पटत नाही.

पगाराचे कारण आहेच. हंगामी कायम कामगाराला बंद काळात रिटेन्शन भत्ता तरी मिळतो. रोजंदारीच्या पोराला तोही नाही. ऊसबिल चौदा दिवसांत मिळावे म्हणून आपण १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशावर बोट ठेवतो. मग त्याचा पगार तरी का लांबावा?

परंतु पोराचे मन उडते ते दुसऱ्याच गोष्टीने. चिटबॉय बांधावर जाऊन नोंद घेतो : गट नंबर, क्षेत्र, ८६०३२ की २६५, लागणीची तारीख. त्या तारखेवर तोडणीची क्रमपाळी लागते. तोडणी सुरू झाली की कोणा वजनदार सभासदाचा फोन जातो, आणि जानेवारीतला सुरू ऊस ऑक्टोबरच्या पूर्वहंगामी उसाआधी तुटतो. मागे राहिलेला शेतकरी जाब कोणाला विचारतो? संचालकाला नाही, आम्हांलाही नाही. वही घेऊन उभ्या असलेल्या पोराला. "किती खाल्लेस रे?" हेही चारचौघांत ऐकून घ्यावे लागते. बावीस वर्षांचे पोरगं दोनदा असे खोटे पडले की तिसऱ्या वर्षी सांगाल ती तारीख लिहिते, नाहीतर निघून जाते. आमच्या मते गेलेले बरे.

यात नुकसान आपलेच आहे. कोवळा ऊस गव्हाणीत पडला की उतारा घसरतो. एफआरपी ठरते उताऱ्यावर; १०.२५ टक्क्यांच्या पुढे प्रत्येक ०.१ टक्क्याला दर वाढतो. म्हणजे त्या पोराने लिहिलेल्या खऱ्या तारखेत प्रत्येक सभासदाचे पैसे आहेत.

शिकायला ही मुले तयार असतात. मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटला प्रशिक्षणाला पाठवावे, तर परत आल्यावर बेणेप्रक्रियेचे आपल्यालाच चार शब्द ऐकवतात! पण शिकलेले सांगायला शब्दाला किंमत हवी.

म्हणून आमची सूचना अशी की, येत्या गळीत हंगामापासून क्रमपाळीची यादी लागणीच्या तारखांसह गट ऑफिसच्या फळ्यावर लावावी. जळीत उसाचा अपवाद राहीलच. बाकी कोणाची पाळी पुढे घ्यायची झाली तर हुकूम लेखी असावा, कारणासह त्याच फळ्यावर लागावा, आणि खाली सही शेतकी अधिकाऱ्याची असावी, चिटबॉयची नव्हे. वार्षिक सभेपुढे हा विषय ठेवण्याची विनंती आम्ही करीत आहोत. त्या वेळी सभासदांनी मंडपात बसून राहावे, जेवणाच्या पंगतीकडे आधीच उठू नये.