टक्के आहेत, नोकरी कुठाय?

प्लेसमेंटचा सीझन आला की होस्टेलमध्ये एकच विषय, पॅकेज! कुणाला किती मिळालं, कोण कुठल्या राऊंडला उडाला. पण आपल्यातल्या ज्याला नीट दिसत नाही किंवा ऐकू येत नाही, त्याचं काय, हे कुणी विचारत नाही. विचारलंच तर उत्तर तयार असतं, "त्यांना रिझर्व्हेशन असतं ना!"

असतं, खरंय. १९९५ च्या कायद्याने सरकारी नोकऱ्यांत ३ टक्के जागा राखीव झाल्या, २०१६ च्या कायद्याने ४ टक्के. पण गंमत बघा. वरच्या गटांतल्या पदांसाठी हे ३ टक्के सरकार मोजायचं ते फक्त 'अपंगांना जमतील' अशा पदांच्या यादीवर. म्हणजे आधी यादीच छोटी करायची आणि मग तिचे टक्के काढायचे! एकूण रिक्त जागांवर मोजा, हे सांगायला २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाला यावं लागलं. आणि कुणाला काय जमतं हे ठरवणारे तरी कोण? मध्य प्रदेशच्या नियमांनी अंध उमेदवारांना न्यायाधीशाच्या पदापासून दूर ठेवलं होतं. तो नियम मार्च २०२५ मध्ये रद्द झाला. 'अपंग'चं 'दिव्यांग' करायला मात्र काहीच वेळ लागला नाही.

आता आपल्याकडे येऊ, कारण आपण बहुतेक जण जाणार प्रायव्हेटमध्ये. तिथे सक्ती नाही. निदान ५ टक्के दिव्यांग कर्मचारी असावेत म्हणून सरकारने कंपन्यांना सवलती द्याव्यात, एवढंच कायदा म्हणतो. २००८ पासून अशा कर्मचाऱ्यांच्या पी.एफ.मधला मालकाचा वाटा काही वर्षं सरकार भरेल, अशी योजनाही आली. माझ्या मते औषधच चुकलंय. अडचण पगाराच्या खर्चाची नाहीच, ती दारातच आहे.

आमच्या एका सीनियरला खूप कमी दिसतं. कोडिंग फर्स्ट क्लास, स्क्रीन रीडर लावून करतो. एका कंपनीची ऑनलाइन टेस्ट आली. चीटिंग होऊ नये म्हणून ते सॉफ्टवेअर दुसरं काहीच चालू देत नाही, त्यामुळे त्याचा स्क्रीन रीडरही बंद. एच.आर.च्या मॅडम अगदी गोड बोलल्या, "आमची काहीच हरकत नाही, त्याने टेस्ट द्यावी की!" आता द्यायची कशी? पी.एफ. भरून हे सुटणार आहे का?

२०१६ च्याच कायद्यात एक कलम आहे, २१ वं. प्रत्येक आस्थापनेने, प्रायव्हेटसुद्धा, 'समान संधी धोरण' जाहीर करायचं. ते वेबसाइटवर किंवा ऑफिसात दिसेल असं लावायचं. आपल्या टी.पी.ओ. सरांना एकच विनंती. कंपन्यांकडून आपण सी.टी.सी., बाँड, लोकेशन सगळं फॉर्मवर लिहून घेतो. त्यात आणखी दोन रकाने वाढवा: हे धोरण आहे का, आणि तुमची टेस्ट स्क्रीन रीडरवर चालते का? पुढच्या सीझनच्या आधी हे सहज होईल, फॉर्म तर आपल्याच ऑफिसात टाइप होतो.