आजोबांची बुलेट

तंजावराहून एका भगिनीचे पत्र आले आहे. व्यंकोजीराजांच्या मागोमाग जी मराठी घराणी कावेरीच्या खोऱ्यात जाऊन स्थायिक झाली, त्यांपैकी त्यांचे एक. घरात आजही मराठी बोलली जाते. लिहिण्याचा सराव राहिला नाही म्हणून त्यांनी संकोच व्यक्त केला आहे. तो अनाठायी आहे. पत्र सुवाच्य आहे आणि प्रश्न त्याहून स्पष्ट आहे. सासऱ्यांच्या मागे पडवीत उभी असलेली जुनी बुलेट मोटारसायकल दुरुस्त होऊन आली असून एकोणीस वर्षांच्या चिरंजीवांना ती चालवावयाची आहे. हलक्या मोटारसायकलीवर त्यांनी परवाना मिळविला आहे. आता आणखी शिकावयाचे काय राहिले, असे ते विचारतात. आणि त्यांना अडवावे की नाही, असे त्यांच्या मातोश्री विचारतात.

अडवू नये, असेच आम्ही म्हणू. मात्र चिरंजीवांचे म्हणणे अर्धेच खरे आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने मोटारसायकलीचे परवाने गिअरची आणि बिनगिअरची असे दोनच केले. शंभर सी.सी.च्या गाडीवर जो गिअरचा परवाना मिळतो, तोच साडेतीनशेच्या गाडीलाही चालतो. तामिळनाडूत परीक्षेला जमिनीवर पाय न टेकता आठाचा आकडा काढून दाखवावा लागतो. ‘एट्टु’ काढला म्हणजे झाले, असे तेथील तरुण मानतात. कायद्यापुरते ते झालेही. शरीराला मात्र त्या दोन गाड्यांतील अंतर कोणत्याही कायद्याने भरून काढता येत नाही.

बुलेट ही तशी त्यांच्याच प्रांतातली. मद्रासच्या मद्रास मोटर्सने इंग्लंडातील रेडिच येथील कंपनीशी भागी केली आणि १९५५ पासून मद्रासनजीक तिरुवोट्टियूर येथे ही गाडी तयार होऊ लागली. सैन्याने आणि पोलिसांनी ती वापरली, आणि पाहता पाहता तिला प्रतिष्ठा आली. या जुन्या घडणीच्या गाडीत एक गोष्ट अशी आहे की जी आजच्या मुलांना ठाऊकच नसते. तिचा गिअर उजव्या पायाशी असतो आणि मागचा ब्रेक डाव्या पायाशी. शिवाय पहिला गिअर वर उचलावयाचा आणि उरलेले तीन खाली दाबावयाचे.

खरा धोका येथे आहे, वजनात नव्हे. हलक्या गाडीवर ज्याचा पाय घडला, त्याच्यापुढे अकस्मात एखादी गाय आली तर तो विचार करीत बसत नाही. उजवा पाय आपोआप खाली जातो. बुलेटवर त्या पायाखाली ब्रेक नसतो, गिअर असतो. थांबावयाच्या क्षणी गाडी वरच्या गिअरात जाऊ पाहते. उलटपक्षी, गिअर बदलावा म्हणून डावा पाय दाबला की मागचे चाक जागच्या जागी आवळले जाते. हे ज्ञान सांगून भागत नाही, ते पायात उतरावे लागते. त्यासाठी गाडी मधल्या स्टँडवर उभी करावी, इंजिन बंद ठेवावे आणि रोज संध्याकाळी पाव तास घरातील कोणी तरी “दुसरा”, “तिसरा”, “थांब” असे पुकारावे व चालविणाराने त्याप्रमाणे पाय हलवावा. उभ्या गाडीत गिअर अडला तर मागचे चाक हाताने किंचित फिरवावे. हे पुकारण्याचे काम धाकट्या भावंडांना फार आवडते, असा अनुभव आहे. आणि महिनाभर त्या मुलाने हलकी गाडी मुळीच हाती घेऊ नये. सकाळी ही आणि दुपारी ती, असे चालले तर पाय कोणत्याच गाडीचा होत नाही. पुढचा ब्रेक मात्र दोन्ही गाड्यांवर उजव्या हातीच असल्यामुळे तेवढा आधार त्याला राहतो.

आता वजन. आजची नवी बुलेट सुमारे १९५ किलो भरते. जुनी काहीशी हलकी. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयाने नकुलाच्या नावावर असलेले ‘अश्वशास्त्र’ प्रसिद्ध केले आहे. त्या काळच्या शिकाऊ स्वाराला एक सुख होते: घोडा आपल्या पायांवर उभा राहत असे! ही गाडी तशी राहत नाही. चालती असताना ती आपला तोल सांभाळते. अडचण येते ती थांबताना आणि वळविताना. हँडल वळलेले असताना हळू गतीत पुढचा ब्रेक दाबला की ती एका बाजूला कलते, आणि विशिष्ट कलापलीकडे तिला बाहुबळाने आवरणे धडधाकट माणसालाही जमत नाही. तेव्हा पाय बाजूला काढून तिला खुशाल पडू द्यावी. नंतर इंजिन व पेट्रोलचा नळ बंद करून, गाडी गिअरमध्ये आहे असे पाहून, तिच्याकडे पाठ करावी. बैठकीला कंबर टेकवून, एका हाताने हँडल व दुसऱ्याने मागची चौकट धरून, गुडघ्यांच्या बळावर मागे मागे पावले टाकीत उचलावी. पाठ वाकवून उचलणारे पुढे वैद्याकडे जातात.

किक मारण्यापूर्वी डाव्या हाताशी असलेला छोटा खटका दाबून दट्ट्या योग्य जागी आणावा लागतो. नाही तर किक उलटून पायाला मार बसतो. हे ज्याने गाडी दुरुस्त केली त्याच्याकडूनच शिकून घ्यावे.

रस्त्याचा प्रश्न उरला. तंजावरचा मुलूख सपाट, त्यामुळे चढावर गाडी उभी करून पुन्हा हलविण्याचा सराव होत नाही. तिरुवैयारूच्या वाटेवर मात्र वडवारू, वेण्णारू, वेट्टारू, कुडमुरुट्टी आणि कावेरी अशा पाच नद्या ओलांडाव्या लागतात. पुलाकडे चढणारा रस्ता हाच तेथला घाट समजावा. पहाटे, रहदारी नसताना, कडेला थांबून क्लच कोठे पकडतो ते पायाने व हाताने ओळखावे. सांबा पिकाची कापणी जानेवारी-फेब्रुवारीत होते, तेव्हा अनेक ठिकाणी भात आणि पेंढा रस्त्यावरच पसरलेला असतो. पेंढ्यावर चाक निसटते, दाण्यांवर तर मोहरीवर पाय पडावा तसे घसरते. तेथे ब्रेक दाबू नये, वळू नये. आधीच वेग कमी करून सरळ जावे. शिवाय ते कोणाचे तरी वर्षाचे अन्न असते, म्हणून शक्य तर कडेनेच जावे.

शिरस्त्राण दोघांनीही घालावे, पुढच्याने आणि मागे बसणाऱ्यानेही. आणि किल्ली देण्यापूर्वी भगिनींनी एक कागद पाहून घ्यावा: खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते व पुढे दर पाच वर्षांनी तपासणी होऊन नवी करावी लागते. सासऱ्यांच्या नावावरची नोंदणी वारसाच्या नावे झाली आहे काय, हेही त्याच खेपेस कचेरीत विचारावे.