ओसरीवरच्या गप्पा : चिमूटभर तंबाखू आणि एक अक्षर



संक्रांतीला थोरल्या लेकीची मुलगी चार दिवस राहायला आली होती. पुण्याला बी.एड. करते. येताना तिळगुळाच्या डब्याबरोबर एक बारकं इंग्रजी पुस्तक घेऊन आली. आमच्याकडे तेव्हा उन्हाळी भुईमुगाचं बियाणं फोडायचं चाललं होतं. रात्री जेवणं उरकली की ओसरीवर शेंगांचं पोतं ओतायचं आणि घरची, शेजारची पोरं भोवती बसायची. चार शेंगा फोडायच्या न् एक तोंडात टाकायची, असा त्यांचा हिशेब. बियाणं कमी पडणार हे मला पहिल्या रात्रीच कळलं. नात म्हणाली, "आबा, तोंड बंद ठेवायचं असेल तर मी गोष्ट सांगते, मग बघा." आणि खरंच, त्या रात्री बियाणं शाबूत राहिलं.

पुस्तकाचं नाव 'नाइटजॉन'. गॅरी पॉलसन नावाच्या अमेरिकन लेखकानं ते मुलांसाठी लिहिलं, १९९३ साली. गोष्ट रचलेली आहे, पण तिच्यातलं एकेक दुखणं खऱ्या माणसांनी भोगलेलं.

अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत तेव्हा गुलामगिरी होती. आफ्रिकेतून माणसं जहाजात कोंबून आणायची आणि बाजारात उभी करून विकायची. त्यांना झालेली पोरंही मालकाचीच. गाय ज्याची त्याचं वासरू, तसा हिशेब, आणि तो कायद्यात लिहिलेला. १८६० च्या शिरगणतीत असे साडेएकोणचाळीस लाखांवर गुलाम मोजले गेले. त्यातले कितीतरी कापसाच्या शेतात. दिवसभर वेचणी करायची, सांजच्याला काट्यावर वजन द्यायचं आणि वजन कमी भरलं की पाठीवर चाबूक.

शेजारचे म्हातारबुवा मध्येच म्हणाले, "वेचणीची मजुरी काय होती?" कापूस आला की आमच्या लोकांना दुसरं काही सुचत नाही! पण त्या कापसाचा आपल्याशीही संबंध आहेच. याच गुलामगिरीपायी १८६१ साली तिथं उत्तर-दक्षिण लढाई पेटली. उत्तरेच्या आरमारानं दक्षिणेची बंदरं अडवली. विलायतेच्या गिरण्यांना कापूस मिळेना, तेव्हा त्यांनी मुंबईकडे धाव घेतली आणि आपल्या खानदेश-वऱ्हाडच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. १८६५ साली लढाई संपली आणि भाव धाडकन खाली आले. मुंबईत पेढ्या बुडाल्या. खेड्यात काय झालं ते सांगायला नको. तेजीत काढलेलं कर्ज मंदीत राहिलं. पुढे १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यात सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि खतं जाळली, त्याच्या मुळाशी इतर कारणांबरोबर ही मंदीही होती.

असो. गोष्टीकडे वळू.

बारा वर्षांची सार्नी. तिची आई ती लहान असतानाच विकली गेली. एका म्हाताऱ्या बाईनं तिला वाढवलं. मालकिणीच्या फुलझाडांची निगा राखायचं काम तिच्याकडे होतं. गुलाबावरच्या किडीसाठी तंबाखू मिळायची, त्यातली थोडी पोरीनं लपवून ठेवलेली. (आपल्याकडेही माव्यावर तंबाखूचा काढा फवारायचेच की.) एक दिवस मालकानं जॉन नावाचा नवा गुलाम विकत आणला. त्याच्या पाठीवर नांगरलेल्या रानासारखे वळ. रात्री अंधारात तो माणूस विचारतो, तंबाखू कुणाकडे आहे का? बदल्यात अक्षर देईन. सार्नी चिमूटभर तंबाखू देते आणि तो मातीत बोटानं इंग्रजी वर्णमालेतलं पहिलं अक्षर काढून दाखवतो.

हे ऐकून आमची पोरं हसली. शाळेत फुकट मिळतं ते तंबाखू देऊन कोण घेईल? तेव्हा नातीनं त्यांना कायदा सांगितला. साउथ कॅरोलायनात १७४० सालापासूनच गुलामाला लिहायला शिकवण्यावर बंदी होती. नॉर्थ कॅरोलायनात १८३० साली कायदा झाला की, एका गुलामानं दुसऱ्याला वाचायला शिकवलं तर उघड्या पाठीवर ३९ फटके. व्हर्जिनियातही १८३१ साली शिकवण्याविरुद्ध कायदा झाला.

आता अक्षराला मालक का भ्यावा? त्याचंही कारण आहे. गुलामाला वाडीबाहेर जायचं तर मालकाची चिठ्ठी लागे. रस्त्यावर कुणीही गोरा माणूस ती मागू शके. ज्याला लिहिता येतं, तो आपली चिठ्ठी आपणच लिहील! फ्रेडरिक डग्लस म्हणून एक गुलाम होऊन गेले. लहानपणी बाल्टिमोर गावात मालकिणीनं त्यांना मुळाक्षरं शिकवायला घेतली, तर मालकानं ते बंद पाडलं. मग हा पोरगा खिशात भाकरीचा तुकडा ठेवायचा. रस्त्यावरच्या भुकेल्या गोऱ्या पोरांना तो द्यायचा आणि त्यांच्याकडून अक्षरं घ्यायची. पुढे १८३६ साली त्यांनी आपल्या सोबत्यांसाठी चिठ्ठ्या लिहिल्या, पण पळायच्या आधीच बेत फुटला. १८३८ साली मात्र ते निसटले आणि १८४५ साली त्यांनी स्वतःची कहाणी स्वतःच्या हातानं लिहून छापली. म्हणजे पॉलसन यांनी रचलेली तंबाखू खोटी नाही. तंबाखूच्या जागी भाकर होती, एवढंच.

तिसऱ्या रात्री नात अडखळली. सार्नी मातीत शब्द लिहिताना मालकाला सापडते. शिकवलं कुणी, म्हणून तो त्या म्हाताऱ्या बाईला साखळीनं बांधून तिचे हाल करतो. तेव्हा जॉन स्वतः पुढं येतो आणि मालक त्याच्या दोन्ही पायांचं एकेक बोट तोडतो. नातीनं मला हळूच विचारलं, "आबा, हे पोरांपुढं सांगू का?" आमची ही म्हणाली, "नको गं, रात्रीची स्वप्नं पडतील." मी म्हटलं, सांग, पण घोळवू नकोस. पोरांना रामायणातलं नाक कापलेलं चालतं, अभिमन्यूचं चक्रव्यूहातलं मरण चालतं. खरं घडलेलंच तेवढं गाळायचं, तर पोरांना वाटेल गुलामी म्हणजे जरा जास्तीचं काम. तिनं एका वाक्यात सांगितलं. शेंगा फुटायचा आवाज थांबला.

पुढे जॉन पळून जातो. पण तो त्याआधीही एकदा पळाला होता! उत्तरेला पोचून मोकळा झालेला हा माणूस, लोकांना अक्षर द्यायचं म्हणून आपल्या पायांनी परत आला होता. आताही तो रात्री परत येतो आणि सार्नीला शाळेत घेऊन जातो. शाळा कुठं, तर रानातल्या खड्ड्यात, वर फांद्या टाकून झाकलेली. अशा खड्ड्यातल्या शाळा खरोखरीच होत्या. १९३६ ते १९३८ च्या दरम्यान तिथल्या सरकारनं हयात असलेल्या जुन्या गुलामांच्या आठवणी लिहून घेतल्या, त्यांत त्यांचा उल्लेख आहे.

रात्रीची शाळा म्हटल्यावर मला आपले जोतीबा आणि सावित्रीबाई आठवल्या. शेतकरी-मजुरांसाठी १८५५ साली त्यांनी रात्रीची शाळा काढली होती. आणि १८७३ साली जोतीबांनी 'गुलामगिरी' लिहिली, ती अर्पण केली अमेरिकेतल्या त्या सज्जनांना, ज्यांनी तिथले गुलाम मुक्त करायला झीज सोसली. पुण्यात बसलेल्या माणसाला मिसिसिपीकडचं दुखणं आपलं वाटलं. मी हे पोरांना सांगत होतो आणि, खरं सांगायचं तर, जरा फुशारकीनंच सांगत होतो.

तेवढ्यात आमच्या सालदाराचा पोरगा बोलला. अकरा वर्षांचं पोर. गेल्या पाडव्याला त्याच्या बापानं थोरल्या लेकीच्या लग्नापायी माझ्याकडून मोठी उचल घेतली. दिवाळीपासून पोरगं शाळा सोडून माझ्या म्हशी वळत होतं. मी त्याला बोलावलं नव्हतं. पण घरी जा, असंही म्हटलं नव्हतं.

"आबा, त्या जॉनची उचल किती व्हती?"

पोरं फिस्सकन हसली. मी म्हटलं, "अरे, त्याला उचल नव्हती. मालकानं त्याला विकत घेतला होता."

"मंग पैसं कुणाला मिळालं?"

"आधीच्या मालकाला."

पोरगं विचारात पडलं. मग म्हणालं, "त्यानं घेतलंच न्हाईत, तर त्यानं फेडायचं का म्हून?"

पायरीवर बसलेला त्याचा बाप म्हणाला, "गप की रं." मी शेंगा फोडत राहिलो. माझ्या टोपलीत त्या रात्री टरफलं आणि दाणे एकत्रच पडले, ते सकाळी हिनं दाखवलं.

झोप लागली नाही. माझा सालदार गुलाम नाही. पगार ठरलेला, ज्वारी ठरलेली, पाडव्याला हिशेब. वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६ साली झाला, तो मला माहीत आहे, आणि मी काही त्यातला नव्हे, असं मी आजवर धरून चाललो होतो. पण उचल बापानं घेतलेली. पोरानं कुठं घेतली होती?

सकाळी मी सालदाराला म्हटलं, पोराला सोमवारपासून शाळेत घाल. तो म्हणाला, "आबा, उचल?" म्हटलं, ती तुझी-माझी. पाडव्याला बघू, नाही फिटली तर पुढच्या पाडव्याला. तो म्हणाला, "आन् म्हशी कोण वळील?" मी काही बोलायच्या आत आमची ही चुलीपासून म्हणाली, "हे वळतील. दिवसभर ओसरीवर तर असतात."

तर मंडळी, हल्ली मी बांधावर असतो. चार म्हशी आहेत, त्यातली एक फार ओढाळ, शेजाऱ्याच्या हरभऱ्यावर तिचा डोळा. गुडघा दुखतो. पोरगं वाचनात मागं पडलंय, जोडाक्षराला अडतं, असं गुरुजी म्हणाले. शाळा सुटली की ते रानात येतं, दप्तर बाभळीला अडकवतं आणि दावं माझ्या हातातून घेतं.

सार्नीच्या पुढच्या आयुष्याचं पुस्तकही आहे, १९९७ चं. लढाई संपल्यावर ती आपली विकली गेलेली पोरं शोधत निघते. नात म्हणाली, मेच्या सुट्टीत येऊन सांगते. तोवर भुईमूग काढणीला येईल.