शिवराई घ्यावी कधी, विकावी कधी?

लक्ष्मीपूजन जवळ आले की ठाण्या-कल्याणच्या जुन्या घरांतून माळ्यावरचे डबे खाली उतरतात. आजेसासूबाईंनी जपलेली तांब्याची नाणी चिंच-मीठ लावून घासली जातात आणि लखलखीत होऊन चांदीच्या रुपयांशेजारी ताटात विराजमान होतात. देवी प्रसन्न होत असेल. नाण्यांचा जाणकार गिऱ्हाईक मात्र होत नाही. तांब्यावर शंभर-दोनशे वर्षांत जो तपकिरी, कधी हिरवट थर चढतो, त्याचेच तो पैसे मोजतो. हा थर एकदा गेला की गेला. तेव्हा भावाच्या गोष्टी बोलण्याआधी हात जोडून विनंती, की यंदा पूजेला पाण्याचे नुसते बोट लावा. चिंच आमटीला राहू द्या.

आता भावाचे. डोंबिवलीच्या गाडीत ओळखीचे कोणी भेटले की हल्ली विचारतात, ‘‘तांबे एवढे महागले आहे, मग डब्यातल्या शिवराया आता काढाव्यात ना?’’ प्रश्न साधा आहे आणि हिशेबही साधाच आहे. 2024 च्या मे महिन्यात लंडनच्या बाजारात तांबे टनाला 11,000 डॉलरच्या वर गेले. त्या दिवसांच्या दराने किलोचे नऊशे-सव्वानऊशे रुपये होतात. शिवराई भरते अकरा-बारा ग्रॅम. म्हणजे तांबे उच्चांकाला असताना शिवराईत धातू होता अवघ्या दहा-अकरा रुपयांचा! तो उद्या दुप्पट झाला तरी नाण्याच्या भावात एका चहाचाच फरक पडायचा. मोडीच्या दराकडे डोळे लावून बसणाऱ्याने भांडी जमवावीत, नाणी नव्हेत.

पेशवाईतली गोष्ट निराळी होती. तेव्हा रुपयाला शिवराया किती, हे दगडावर कोरलेले नसे. सराफ भाव सांगे, वर बट्टा कापून घेई, आणि शेतसारा भरणारा कुणबी निमूटपणे मान हलवी. त्या काळी तांब्याच्या चढउताराला अर्थ होता. आज नाण्याचा भाव हलतो तो दोनच कारणांनी: नग बाजारात किती आले आणि मागायला माणसे किती उभी आहेत.

नग एकाएकी आले म्हणजे काय होते, याचे एक विलायती उदाहरण सांगण्यासारखे आहे. 1809 च्या जानेवारीत ‘ॲडमिरल गार्डनर’ नावाचे कंपनीचे जहाज इंग्लंडच्या किनाऱ्याजवळ वाळूत रुतून बुडाले. त्यावर मद्रास इलाख्यासाठी पाडलेली, 1808 सालची तांब्याची कोरी नाणी होती. 1980 नंतरच्या दशकात पाणबुड्यांनी ती लाखोंनी वर काढली. पावणेदोनशे वर्षांपूर्वीचे, हाती न खेळलेले नाणे ही एरवी दुर्मीळ वस्तू. पण आज ते शाळकरी पोराच्याही खिशाला परवडते.

आपल्याकडे जहाजे फुटत नाहीत, वाडे फुटतात. कल्याणात जुना वाडा पाडून इमारत उठू लागली की एखाद्या कोनाड्यातला गडू निघतो, आणि चार दिवस शिवराया मुठीने मिळतात. घेणाऱ्याने तेव्हा घ्यावे, विकणाऱ्याने तेव्हा गप्प बसावे. मात्र गडू जमिनीत पुरलेला असेल तर 1878 चा निखात निधीचा कायदा आड येतो. दहा रुपयांवरच्या ठेव्याची वर्दी जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. ठाण्याची फेरी पडते खरी. पण मुकादमाने परस्पर वाटून टाकलेल्या गडूत नाण्यांबरोबर त्या जागेचा इतिहासही वाटला जातो.

मागणीचे म्हणाल तर ती सणावारासारखी येते. 2023-24 साली महाराजांच्या राज्याभिषेकाला साडेतीनशे वर्षे झाली. ज्यांनी आयुष्यात नाणे निरखून पाहिले नव्हते, तेही त्या वर्षी ‘महाराजांच्या वेळची शिवराई’ मागू लागले. विक्रेते काय, देणारच! ‘श्री राजा शिव’ आणि मागे ‘छत्रपति’ हा मजकूर 1674 पासून पुढे पिढ्यान्‌पिढ्या, ठिकठिकाणच्या टांकसाळींत तसाच ठोकला जात होता. मागच्या अक्षरांमध्ये दोन आडव्या रेघा असलेली दुदांडी तर सरळ पेशवाईच्या अंगणातली. ती रायगडावरची म्हणून रायगडच्या भावाने घेतलेली माणसे मी पाहिली आहेत. खरी जुनी शिवराई थोडी, दुदांडी मुबलक. भावातले सारे अंतर या दोन वाक्यांत आहे. शिवाय ठसा मोठा आणि चकती लहान, म्हणून तिन्ही ओळी पुऱ्या उमटलेला नग विरळा. अशा नगाला उत्सव लागत नाही, त्याला बाराही महिने मागणी असते.

कोणी परदेशी लिलावातला आकडा दाखवला तर हसून सोडून द्या. 1972 च्या पुरावस्तू कायद्याने शंभर वर्षांवरचे नाणे तुम्हाआम्हाला देशाबाहेर पाठवता येत नाही. तिकडचा भाव तिकडच्यांसाठी.

चीड येते ती दुसऱ्याच एका धंद्याची. एका बाजूला हनुमान किंवा रामपंचायतन, दुसऱ्या बाजूला कंपनीचे नाव, खाली 1818. ‘याचे लाखो रुपये मिळतील’ अशी चित्रफीत मोबाइलवर फिरते. 1818 साली कंपनीने पेशवाई बुडवली. हनुमानाचा पैसा पाडला नाही. हे बाजारी बिल्ले आहेत. आमच्या ओळखीच्या एका निवृत्त गृहस्थांकडून असल्याच एका ‘खरेदीदारा’ने आधी नोंदणीचे, मग कराचे, मग पोचवणुकीचे म्हणून पैसे उकळले. बिल्ला घरातच राहिला, पेन्शनचे चार महिने गेले. रिझर्व्ह बँकेने 2021 च्या ऑगस्टमध्ये जाहीर इशारा दिला होता, की जुन्या नाण्या-नोटांच्या व्यवहारात आपण नाही आणि असले शुल्क आपण घेत नाही. तो त्यांच्यापर्यंत पोचला नाही. चित्रफीत मात्र तीनदा पोचली.

माझी स्वतःची खरेदी भर पावसाळ्यातली. उत्सव आणि प्रदर्शने दूर असतात, दुकानात पागोळ्यांखेरीज आवाज नसतो, आणि जूनमध्ये ताठ असलेला विक्रेता श्रावणात स्वतःहून खुर्ची पुढे सरकवतो. विकायची वेळ आली तर हाच माल दिवाळीनंतर, प्रदर्शनांचे दिवस सुरू झाले की न्यावा. दोन-तीन टेबलांवर दाखवावा आणि पहिल्या टेबलावरचा भाव दुसऱ्यावर सांगू नये.